सगळ्यात लाल जागा

मीटरसाहेब बोटींच्या धक्क्यावर वाकून वाकून पुढे सरकत होते. त्यांच्यामागे थोडं अंतर राखून एक सासरा, एक सून आणि या दोघांच्या मध्ये उभं राहण्याची सवय झालेला एक नवरा, अशी तिघं चालली होती. नवऱ्याने त्या सकाळी दोघांनाही 'तुझं बरोबर आहे' असं वेगवेगळं सांगून ठेवलं होतं. त्यामुळे तो आता फक्त समुद्राकडे बघत होता, कारण समुद्राला त्याने काही कबूल केलं नव्हतं.

मीटरसाहेब म्हणजे बंदर कार्यालयाचे तपासनीस. मीटर कायम गळ्यात, त्यामुळे मानेवर पट्ट्याचा वण. माणूस वाईट नव्हता. हिशेब मांडला तर जमेच्या बाजूला भरपूर होतं: खाऊन-पिऊन अहवाल लिहीत नसत, उन्हात स्वतः वाकत, चुकलं तर खोडत. नावे टाकण्यासारखी एकच गोष्ट होती. आपल्याआधी कोणीतरी लिहिलेलं असल्याशिवाय ते काहीही लिहीत नसत.

मीटरची रीत साधी होती. एक वायर काँक्रीटमधल्या सळईला जोडायची, दुसरी तांब्याच्या नळीला. नळीच्या टोकाला ओला स्पंज. तो काँक्रीटवर टेकवला की पडद्यावर आकडा येतो. आकडा तक्त्याच्या हिरव्या रकान्यात बसला तर आतली सळई सुखी. पिवळ्यात बसला तर शंका. लालमध्ये बसला तर आत गंज चढतोय असं समजायचं.

धक्क्याच्या पहिल्या तुळईपासून शेवटच्या तुळईपर्यंत आकडे लाल आले.

"लाल म्हणजे किती लाल," मीटरसाहेब कंबर धरून उभे राहत म्हणाले, "तर हे तक्त्यात मावतच नाही. खाली आणखी एक कागद चिकटवावा लागेल."

"सगळीकडे लाल आहे ना?" सुनेने विचारलं.

"सगळीकडे. काही ठिकाणी जरा कमी."

"गंज असा पंगतीत वाढल्यासारखा सगळ्यांना सारखा येतो का साहेब? तुम्ही इतके धक्के तपासलेत. गंज एका कोपऱ्यात सुरू होतो. एक जागा लाल, शेजारची हिरवी, असं दिसतं. हे सगळंच लाल आहे म्हणजे हा रंग मालाचा आहे, गंजाचा नाही."

मीटरसाहेबांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. हे त्यांच्याही मनात येऊन गेलं होतं. पण मनात येणं वेगळं आणि अहवालात येणं वेगळं.

"तक्ता असं म्हणत नाही, बाई."

"तक्ता जुन्या सिमेंटवरून केलेला आहे."

"सूनबाई," सासरे मागून म्हणाले, "साहेबांना त्यांचं काम करू दे."

घरात आणि कारखान्यात तिला सगळे धाकटी म्हणत. थोरली कोणी नव्हतीच, पण सासऱ्यांनी लग्नाच्या दिवसापासून धाकटी म्हणायला सुरुवात केली आणि नाव चिकटलं. तिला कोणी दुसऱ्या नंबरवर ठेवायचं म्हटलं तर पहिला नंबर आधी कल्पावा लागे, एवढंच त्यातून सिद्ध होत होतं. ती शिकून आली होती ती याच विषयात. काँक्रीट का टिकतं आणि का सडतं, या विषयात. सासऱ्यांचा कारखाना पाइप, खांब, तुळया साच्यात ओतून विकायचा. तिने तिथे भट्टीचा माल सुरू केला.

भट्टीचा माल म्हणजे लोखंडाच्या भट्टीत वितळलेल्या धातूवर जी मळी तरंगते, ती थंड करून, पिठासारखी दळून, कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने चेतवून केलेलं काँक्रीट. सिमेंट करायला चुनखडीचा दगड भाजावा लागतो आणि त्या भाजण्याचा धूर आभाळभर होतो. मळी आधीच एकदा भाजून झालेली असते. सासरे त्याला 'दुसऱ्याच्या भट्टीचं उष्टं' म्हणत. गिऱ्हाईक समोर असलं तर मात्र 'आमच्या सूनबाईंचा शोध' म्हणत. दोन्ही वाक्यं त्यांना मनापासून वाटत असत, हेच त्यांचं वैशिष्ट्य.

धक्का हे भट्टीच्या मालाचं पहिलं मोठं काम. समुद्राचं खारं पाणी सळईपर्यंत पोचू देण्यात जुनं सिमेंट जितकं उदार, तितका हा माल चिक्कू, असं ती म्हणे. कारखान्याच्या मागे मिठाच्या पाण्याच्या हौदात तिचे ठोकळे भिजत पडलेले असत. ती मधूनमधून एखादा फोडून बघे. सळई चकचकीत निघे. पण बंदर कार्यालयात हे सांगितलं तेव्हा मोठ्या साहेबांनी खिडकीबाहेर बोट दाखवलं होतं. "हौद म्हणजे समुद्र नव्हे." आणि ते खरं होतं.

आठवड्याने कार्यालयातून कागद आला. धक्क्याच्या सगळ्या तुळया काढून जुन्या सिमेंटमध्ये पुन्हा करून द्याव्यात. भट्टीचा माल बंदराच्या कामात इथून पुढे वापरू नये. हे मान्य असेल तर पुढच्या किनाऱ्याच्या भिंतीचं काम याच कारखान्याकडे राहील. सह्या दोन: मालकाची आणि माल करणाऱ्याची.

सासऱ्यांनी सही केली, कागद जेवणाच्या टेबलावर तिच्या ताटाशेजारी ठेवला आणि पाण्याचा पेला त्याच्यावर ठेवला, उडू नये म्हणून. खोलीत वारा नव्हता.

"भिंत मोठी आहे," ते म्हणाले. "भिंत झाली की तुझे ठोकळे परत भिजव. कोण नको म्हणतंय?"

"कागद म्हणतोय. 'इथून पुढे वापरू नये.'"

"कागद कोण वाचतं गं नंतर," सासूबाई म्हणाल्या.

"आई, तुम्ही अजून शिलाई मशीनची हमी जपून ठेवलीय."

सासूबाईंना ते पटलं. पण पटलं हे दाखवण्याची वेळ नव्हती, म्हणून त्यांनी तिला आणखी वाढलं.

"तू काय म्हणतोस?" तिने नवऱ्याला विचारलं.

"मी म्हणतो की," तो म्हणाला, आणि मग त्याला ठसका लागला. त्या ठसक्याची वेळ इतकी अचूक होती की टेबलावरच्या कोणालाही काळजी वाटली नाही.

"मी सही करणार नाही, मामा."

"मग धक्का कोण वाचवणार? तुझा हट्ट?"

"धक्का फोडून बघतील तेव्हा कळेल."

'फोडून' या शब्दाने सासऱ्यांचा चेहरा जरा उतरला. तिला वाटलं, आपल्या हाताने उभं केलेलं फोडायचं म्हणून म्हातारा हळवा झाला. माणसाच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्याचा खर्च आपण आपल्याला हव्या त्या खात्यात टाकतो.

दुसऱ्या दिवशी ती एकटी बंदर कार्यालयात गेली. मोठे साहेब दौऱ्यावर होते, निदान त्यांची खुर्ची तसं म्हणत होती. मीटरसाहेब होते.

"सही आणलीत?"

"नाही. सगळ्यात लाल जागा कोणती, ती सांगा."

"मधल्या तुळईची खालची बाजू. का?"

"ती फोडा. माझ्यासमोर, सळई उघडी पडेपर्यंत. गंज निघाला तर तिथल्या तिथे सही करते आणि हा माल पुन्हा हातात धरत नाही. नाही निघाला, तर तुम्ही जे बघाल ते लिहायचं."

मीटरसाहेबांनी पेनचं टोपण काढलं, लावलं. "तुम्हाला माहीत आहे आत काय आहे?"

"नाही."

"मग एवढ्या जोरात कशाला बोलता?"

"हळू बोलून इतके दिवस झाले, साहेब. हळू बोललेलं तुमच्या मोठ्या साहेबांच्या खिडकीतून बाहेर जातं."

त्यांना हसू आलं. "एक अट. नेम तुमच्या सोयीने नको. सगळ्यात लाल फोडू, आणि सगळ्यात कमी लाल पण फोडू. दोन्ही बघू."

"चार फोडा."

"दोन पुरे. मला धक्का तपासायचाय, पाडायचा नाही."

ठरलेल्या दिवशी ओहोटीला मीटरसाहेब, धाकटी, सासरे आणि नवरा, सगळे धक्क्याखाली उतरले. तुळयांच्या खाली चिखलावर फळ्या टाकल्या होत्या. छिन्नी-हातोड्याला एक गडी होता, पण धाकटीने हातोडा मागून घेतला. सासरे म्हणाले, "अगं, बाईमाणूस." ती म्हणाली, "हातोड्याला कळत नाही, मामा," आणि पहिला घाव घातला.

भट्टीचा माल चिवट. बराच वेळ नुसती धूळ निघाली. मग तळहाताएवढा एक तुकडा सुटला आणि फळीवर पडला, आणि सगळे एकदम वाकले.

तुकडा आतून निळा होता. निळा-हिरवा, मोरपिसाच्या मधल्या भागासारखा.

"हे काय झालंय?" मीटरसाहेब मागे सरकत म्हणाले. "सडलंय का?"

"मळीत गंधक असतं. बंद जागेत त्याचा हा रंग. हवा लागली की उतरतो, उद्यापर्यंत नेहमीसारखा राखाडी होईल. निळा आहे म्हणजे आजपर्यंत आत हवा गेलेली नाही." ती बोलत होती पण बघत होती ती खाचेत. "आणि हेच गंधक सळईजवळचा प्राणवायू गिळतं. म्हणून तुमचा आकडा लालमध्ये एवढा खोल जातो. मीटर गंज मोजत नाही साहेब. ते विजेचा दाब मोजतं, गंज आहे असं आपण धरून चालतो."

आणखी थोडं फोडल्यावर सळई दिसली. मीटरसाहेबांनी रुमालाने पुसली. रुमाल तसाच राहिला. त्यांनी नखाने खरवडलं, मग टॉर्च लावला. सळई दुकानातून कालच आणल्यासारखी होती. तिच्यावर कारखान्यात मारलेली खडूची खूणसुद्धा शाबूत होती.

धाकटीने हातोडा खाली ठेवला. मग ती खांबाला टेकली.

"झालं तर मग," सासरे चटकन म्हणाले. "बघितलं ना साहेब. चला वर. पाणी भरायला लागेल आता."

"अजून दुसरी जागा आहे, मालक."

"कशाला? सगळ्यात वाईट जागा चांगली निघाली, तर चांगली जागा काय वाईट निघणार आहे?"

बिनतोड युक्तिवाद होता. मीटरसाहेब नसते, तर कोणीही मान डोलावून वर गेलं असतं. पण ठरलं ते करायचं ही त्यांची जन्माची खोड. ते कडेच्या तुळईकडे गेले, स्पंज टेकवला. आकडा पिवळ्या-लालच्या सीमेवर आला. अख्ख्या धक्क्यावरचा सगळ्यात सज्जन आकडा.

या वेळी गड्याने घाव घातला. तुकडा दुसऱ्याच फटक्याला सुटला, फारच सहज. आतून राखाडी होता. आणि त्याच्या पोटात, सळई होती त्या जागी, तांबूस-तपकिरी पापुद्रे होते. गड्याने बोट लावलं तर सळईचा एक पदर बिस्किटासारखा गळून पडला.

मीटरसाहेबांनी वही उघडली. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता, पण सुटकेसारखं काहीतरी होतं. गंज सापडला. आता तक्त्याच्या विरुद्ध काही लिहावं लागणार नव्हतं.

"बाई," ते म्हणाले, "मला वाईट वाटतंय."

"थांबा."

ती पुढे झाली आणि खाचेत बोट घालून फिरवलं. एका बाजूला निळा माल, दुसऱ्या बाजूला राखाडी, आणि दोघांच्या मध्ये केसाएवढी रेघ. रेघेच्या कडेला थापीने घोटल्याची खूण. तशी घोटाई कारखान्यात एकच माणूस करत असे, शेवटी मनगट वळवून.

आता इथे घरंदाज सुनेने काय करायचं, याबद्दल सगळ्यांचं एकमत असतं. नजर खाली, तोंड बंद, घरी गेल्यावर नवऱ्याच्या कानात. नवऱ्यालाही ते कळलं होतं. त्याने तिच्या कोपराला हळूच हात लावला. "घरी बोलू," तो म्हणाला.

तिने कोपर सोडवून घेतलं.

"ही शिवण माझी नाही," ती मोठ्याने म्हणाली. "हा राखाडी भाग माझ्या साच्यातला नाही. माझ्या मालात गंज निघाला असता तर मी सही केली असती. हे दुसऱ्याचं आहे, आणि ज्याचं आहे तो इथेच उभा आहे. मामा, हे कधी भरलं?"

सासरे ताठ उभे राहिले. त्यांच्या जमेला एक गोष्ट मांडावीच लागेल: त्यांनी इकडेतिकडे बघितलं नाही.

"तुळया टांगल्या तेव्हा. तू माहेरी गेली होतीस. क्रेनने कोपरे उडवले. तू असतीस तर म्हणाली असतीस, तुळई परत न्या."

"म्हणालेच असते."

"आणि लोक बघत होते. म्हणाले असते, सुनेचा माल टांगल्या टांगल्या फुटतो. मी तुझीच लाज राखली. चांगलं सिमेंट घालून भरलं. चांगलं. गिऱ्हाइकाला फुटका कोपरा दाखवायचा नाही, उभ्या आयुष्यात दाखवला नाही."

"आणि पावडर?"

लवकर घट्ट व्हावं म्हणून मिठाच्या जातीची एक पावडर घालतात. तिने माल पटकन आवळतो, आणि सळईला ती आतून समुद्रच पाजते. हे सासऱ्यांना माहीत नव्हतं असं नाही. त्यांना ते घाईत माहीत नव्हतं.

"भरती चढत होती. पावडर नसती तर समुद्राने सगळं नेलं असतं."

"मग न्यायचं होतं. मी आले असते, परत भरलं असतं."

"सगळ्यांसमोर सासऱ्याला असं विचारतेस?"

"भरलंत तेव्हा मला एकटीलाही विचारलं नाहीत."

गड्याने फार लक्ष देऊन छिन्नीची धार बघितली. मीटरसाहेब वहीवर पेन टेकवून थांबले होते. पेनातून एक ठिपका कागदावर मोठा होत चालला होता.

"आणखी कुठे कुठे भरलंय, मामा?"

तेव्हा सासऱ्यांनी जे केलं ते कोणाच्याच अंदाजात नव्हतं. त्यांनी चपला फळीवर काढून ठेवल्या, चिखलात उतरले आणि एकेका तुळईखाली जाऊन काठीने ठोकत निघाले. "इथे. इथे नाही. इथे." सांगताना आवाजात शरम नव्हती, उलट गुर्मी होती. जणू म्हणत होते, माझी चूक आहे ना, मग ती मीच मोजून देईन, तुमच्या मीटरची मदत नको. मीटरसाहेब मागून प्रत्येक जागी स्पंज टेकवत गेले. सासरे म्हणत तिथे आकडा शहाण्यासारखा वर यायचा. बाकी सगळीकडे लालभडक.

"म्हणजे," मीटरसाहेब शेवटी म्हणाले, "हे यंत्र जिथे बरं म्हणतंय तिथे वाईट आहे, आणि जिथे बोंबलतंय तिथे सगळं ठीक आहे."

"या मालात. बाकी ठिकाणी ते नीट चालतं."

"मी लिहितो की अधिक निरीक्षणाची गरज आहे."

"नाही. आपलं ठरलं होतं. बघितलं ते लिहा."

"असं आजवर कोणी लिहिलेलं नाही, बाई."

"मग खाली तुमची सही शोभून दिसेल."

पाणी फळ्यांना लागलं होतं. मीटरसाहेबांनी एकदा त्या निळ्या तुकड्याकडे बघितलं, एकदा मोठ्या साहेबांच्या कार्यालयाच्या दिशेने, आणि लिहायला सुरुवात केली. सर्वांत लाल जागी सळई स्वच्छ. गंज केवळ नंतर भरलेल्या जुन्या सिमेंटच्या ठिगळांखाली. हा तक्ता या मालाला लागू धरू नये. शेवटचं वाक्य लिहायला त्यांना आधीच्या दोन्हींपेक्षा जास्त वेळ लागला. तोवर पाणी त्यांच्या बुटात शिरलं होतं, पण ते हलले नाहीत.

धक्का पाडायचा कागद कार्यालयाने मागे घेतला. मोठे साहेब खूश नव्हते, पण नाखुशीला सही लागत नाही. अट एकच: सगळी ठिगळं काढून, गंजलेल्या सळया कापून बदलून, भट्टीच्या मालानेच भरून द्यायची. भिंतीचं नंतर बघू, असं ते म्हणाले. भिंत जुन्या सिमेंटची हवी असेल तर दुसरा कारखाना बघा, असं धाकटी म्हणाली. मग त्यांनी पुन्हा खिडकीबाहेर बघितलं.

घरी सासऱ्यांनी अबोला धरला. मीठ हवं असलं तरी सासूबाईंकडे बघून मागत, मीठ धाकटीच्या हाताशी असलं तरी.

"माफी माग एकदा," सासूबाई स्वयंपाकघरात म्हणाल्या. "शब्दच तर आहे."

"कशाची मागू, आई? खोटं बोलले?"

"खरंच बोललीस. तेच तर जास्त लागलंय."

"लागू दे. नाही मागणार."

सासूबाईंनी डबा झाकला. "नको मागूस मग," त्या म्हणाल्या. "पण त्यांना कामावर बोलाव. ते वाट बघतायत."

तिने बोलावलं नाही. ठिगळं काढून झाली, सळया बदलून झाल्या आणि भरायच्या दिवशी ओहोटीला ते आपणहून आले. हातात स्वतःची थापी. गडी बाजूला झाले.

"पावडर घालायची नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे. भरतीचं काय?"

"फळ्यांची पेटी ठोकलीय. पाणी बाहेर राहील."

"पेटीत सकाळ गेली असेल तुझी."

"गेली."

ते खाली वाकले, खाच हाताने चाचपली, माल बोटांत घेऊन चोळला, हुंगला आणि तोंड वाकडं केलं. "वास येतो उष्ट्याला."

"येतो."

"आणि हेही फुगून पडलं तर? तर काय करशील? परत सगळ्यांना गोळा करून सांगशील, म्हाताऱ्याने भरलंय म्हणून?"

"माल माझा आहे, घोटाई तुमची. ज्याचं चुकेल त्याचं नाव सांगेन."

"तुझं चुकलं तर?"

"तर माझं सांगेन. तेवढ्याच मोठ्याने."

सासऱ्यांनी थापी खाचेच्या कडेला टेकवली. अबोला मोडल्याचं त्यांच्या तेव्हा लक्षात आलं असावं, कारण ते चिडले.

"मग बघत काय उभी राहिलीस," ते म्हणाले. "पाटी धर."